पाचशे बारा

१

ममता मेश्रामला जगातली फार थोडी माणसं पसंत होती, आणि त्यांत तिचा नवरा नव्हता.

बावीस वर्षं ती यवतमाळात आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होती. पोरांना सोल्डरिंग येत नाही, प्राचार्यांना साधा अर्ज लिहिता येत नाही, शेजारणीला फ्यूज आणि बल्ब यांतला फरक कळत नाही, हे तिचं रोजचं बोलणं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत गावात टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीपुढं उभी राहून एखादी बाई पडेल चेहऱ्यानं कॅमेऱ्याशी बोलायची आणि संध्याकाळी तीच बाई बसस्टँडजवळच्या हॉटेलात हसत हसत कचोरी खाताना दिसायची. ममतानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि स्टाफरूममध्ये चार वेळा सांगून झालं होतं.

पण खरा तिरस्कार ती घरासाठी राखून ठेवायची.

भीमराज कापसाचा ग्रेडर होता. खरेदी केंद्रावर गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांत धरून ओढायचा, अंगठा तर्जनीवर घासायचा आणि सांगायचा की धागा किती लांब, ओल किती, ग्रेड कोणता. यंत्र नाही, पट्टी नाही. अठ्ठावीस वर्षं त्यानं हेच केलं. मग केंद्रं एकेक करून बंद पडली, त्रेपन्नाव्या वर्षी त्याला घरी बसवलं गेलं, आणि बोटं मात्र चालूच राहिली. जेवताना, पेपर वाचताना, बसल्या बसल्या डुलकी लागली तरी अंगठा तर्जनीवर घासत राहायचा. ममता म्हणायची, बंद करा ते. तो बंद करायचा. दोन मिनिटांत पुन्हा सुरू.

घरी बसल्याला सहा महिने झाले आणि त्यानं मागच्या खोलीत विमान बांधायला घेतलं.

विमान म्हणजे नुसती बसायची जागा आणि समोरच्या खटपटी. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक प्रोग्रॅम असतो, तो त्याला भाच्यानं टाकून दिला होता. माऊसनं उडवण्यात याचं मन भरेना. मग पांढरकवडा रोडवरच्या अब्रारच्या वेल्डिंगच्या दुकानात सकाळच्या सकाळी जायला लागल्या. अब्रारनं भंगारातून मारुती व्हॅनची सीट काढून दिली, मोटरसायकलच्या हँडलची मूठ लावून दांडा करून दिला, शिलाई मशिनचं लहान चाक बसवून दिलं. घरातल्या वायरिंगची उरलेली आठ बटणं एका फळीवर ओळीनं बसली. भीमराज आयुष्यात विमानात बसला नव्हता. नागपूरच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर एकदा तासभर उभा राहून आला होता, एवढीच त्याची पुंजी.

"दोन रिकामे माणसं भेटले म्हणजे असंच होते," ममता म्हणाली.

पण या सगळ्या दांड्या-बटणांचा कॉम्प्युटरला पत्ता लागायचा तर मध्ये मायक्रोकंट्रोलर हवा. ती बोटभर लांबीची निळी पाटी. कोणतं बटण दाबलं, कोणता दांडा किती सरकला, हे ती मोजते आणि कॉम्प्युटरला कळवते. भीमराजनं दोन पाट्या जाळल्या. तिसरी जळायच्या आत ममतानं त्याच्या हातातून सोल्डरिंगची इस्त्री काढून घेतली आणि एका रविवारी सगळं जोडून दिलं. मदत करायची म्हणून नव्हे. चुकीचं काम डोळ्यांपुढं होत असलेलं तिला बघवत नसे, म्हणून.

पहिल्यांदा विमान धावपट्टीवरून वर उचललं तेव्हा भीमराज सीटमध्ये उसळला. तो म्हणाला, ये, तूही बस एकदा. ती म्हणाली, ज्याला दुसरं काही काम नाही त्यानं बसावं. मी काही या खुर्चीत बसायची नाही.

२

महिनाभरानं त्यानं तक्रार आणली. शिलाई मशिनचं ते चाक विमानाचं नाक वरखाली नीट धरून ठेवण्यासाठी होतं. चाकाखाली जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण लावलेलं. चाक एका टोकाला असलं की पाटी शून्य मोजायची, दुसऱ्या टोकाला हजार तेवीस, मधोमध पाचशे बारा.

"ममता, ते चाक थरथरून राह्यलं. वायरीत काई लोच्या असन."

"लोच्या तुमच्या बोटात आहे."

तो बरं म्हणून गेला, पण ममताला ते लागलं. तिच्या वायरीत लोच्या? माणसापुढं पुरावा ठेवल्याशिवाय त्याला त्याची जागा कळत नाही, असं तिचं मत होतं. तिनं पाटीला एक मेमरी कार्ड जोडलं आणि एक चिमुकलं घड्याळ, स्वतःच्या बटनसेलवर चालणारं. आता प्रत्येक हालचाल वेळेसकट कार्डावर उतरणार होती. दुसऱ्या दिवशी आयटीआयमधून घरी आली, बरोबर पाच वाजता कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं. चाकाच्या रकान्यात पानंच्या पानं भरली होती: पाचशे अकरा, पाचशे बारा, पाचशे अकरा, पाचशे बारा. अंगठा तर्जनीवर.

तिनं एक पान छापून त्याच्यापुढं टाकलं.

भीमराजनं ते खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "हे माह्या बोटाचं आहे?"

"मंग काय माह्या?"

त्यानं पान चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, कोणी सर्टिफिकेट द्यावं तसं. अशा माणसाला काय बोलावं! ममता लॅपटॉप बंद करायला गेली आणि शेवटच्या ओळीवर तिची नजर पडली. वेळ होती पाच वाजून सात मिनिटं.

तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आत्ता कुठं पाच वाजून पाच मिनिटं होत होती.

स्वस्तातलं घड्याळ, पुढं पळतं, ती मनात म्हणाली. मोबाइलशी ताडून तिनं ते सेकंदावर लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला कार्ड काढलं. शेवटची ओळ पाच वाजून नऊची. घड्याळ तपासलं तर ते मोबाइलच्या सेकंदाला सेकंद धरून चाललं होतं.

मग तिनं प्रोग्रॅम तपासला. एकशे चाळीस ओळी, तिनंच लिहिलेल्या. चूक असती तर तिला एक प्रकारे बरं वाटलं असतं. चूक नव्हती.

३

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि भीमराज मागच्या खोलीत जाऊन बसला. ती खोली तशी साधीच होती. एक खिडकी, वर टिनाचं छत, कोपऱ्यात गव्हाची कोठी. दुपारी टिन तापलं की मधूनच कडकन वाजायचं. तीनच्या ठोक्याला ममता आत गेली, कार्ड काढलं आणि बाहेर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. नोंदी तीन वाजून बावीस मिनिटांपर्यंत होत्या.

पुढच्या बावीस मिनिटांतलं ठळक तेवढं तिनं पेन्सिलनं कागदावर उतरवून घेतलं. तीन-नऊला पंखांच्या झडपांचं बटण खाली. तीन-चौदा ते तीन-सोळा काहीच नाही, कुठंच हात नाही. तीन-एकवीसला डावीकडचं पहिलं बटण बंद. कागद पदराखाली धरून ती खोलीत गेली आणि स्टुलावर बसली.

भीमराजनं मान वळवून पाहिलं. बायको आपणहून येऊन बसली, याचंच त्याला नवल. त्यानं सांगायला सुरुवात केली की हे दारव्ह्याकडं जाऊन राह्यलो, ती रेषा दिसते तो रस्ता, आता बोरी अरब येईल. बोरी अरब त्याचं गाव. पडद्यावर हिरवे-करडे चौकोन होते, गाव वगैरे काही नव्हतं. तीन-नऊ झाले. बोलता बोलता त्यानं डाव्या हातानं झडपांचं बटण खाली दाबलं.

हात सवयीचा आहे, रोज त्याच वेळी तेच करत असेल, ममतानं स्वतःला समजावलं. गुराला गोठ्याची वाट ठाऊक असते तसं. याच्यात विशेष काय?

पण मग हे मोडून पाहायला हरकत नाही, असंही तिला वाटलं. तीन वाजून चौदा व्हायला आले तशी ती म्हणाली, दारावर कोणी आलंय वाटतं, पाहून या. तो मूठ सोडून उठला. चपलांचा आवाज बैठकीपर्यंत गेला, कडी वाजली, थोड्या वेळानं पुन्हा वाजली. परत येऊन तो म्हणाला, कोणी नाही. सीटमध्ये बसला, चाकावर बोट ठेवलं. ममतानं मोबाइलमध्ये पाहिलं. तीन वाजून सोळा.

कागदावर ती दोन मिनिटं तिनं मोकळी सोडली होती. आता त्यालाही तिनंच उठवलं होतं.

तीन-एकवीसला डावीकडचं बटण खटकन बंद झालं.

"परीक्षा घेऊन राह्यली का माही?" भीमराजनं हसत विचारलं.

"घेण्यासारखं आहे काय तुमच्यात," ती म्हणाली आणि उठून बाहेर आली. बाहेर येऊन ती दोन तांबे पाणी प्यायली.

४

कोणाला सांगायचं? आयटीआयमधल्या शहाण्यांना? त्यांनी तोंडावर मान हलवली असती आणि पाठीमागं म्हटलं असतं, मॅडमचं डोकं फिरलं. ती त्यांच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं.

पाटी काढून फेकावी, असं दोनदा मनात आलं. पण मोजमाप पटत नाही म्हणून मीटर फेकणाऱ्या पोरांना ती वर्गाबाहेर काढायची. तिनं वही केली. रोज कार्ड किती पुढचं सांगतं, ते ती लिहून ठेवायला लागली. चाळीस मिनिटं. मग तास. मग संध्याकाळच्या दोन फेऱ्या आधीच उतरलेल्या. पऱ्हाटी उपटून झाली, उन्हं चढायला लागली, तोवर कार्ड दिवसभर पुढं गेलं होतं. भीमराजला यातलं काही माहीत नव्हतं. पडद्यावरचं विमान तर त्याच्या हाताबरोबरच हलत होतं. पुढं पळत होतं ते फक्त कार्ड. आणि हे सगळं असं असून रोज संध्याकाळी त्याच्या बोटांची थरथर त्या रकान्यात पाहिली की तिला का कोण जाणे, जरा सुटल्यासारखं वाटायचं. उद्याचं पाचशे अकरा, पाचशे बारा. म्हणजे उद्या आहे.

एका बुधवारी कार्डात गुरुवारची दुपार होती.

चार वाजून वीस मिनिटांनी पहिलं बटण चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद. मग दुसरं, तसंच तीनदा. डावीकडून उजवीकडं आठही बटणं. मग दांडा पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं, पुढं, मागं. मग चाक: शून्य, हजार तेवीस, आणि परत येऊन पाचशे बारा. अगदी पाचशे बारा. थरथर नाही.

भीमराजचा हात असा नव्हता. तो कोणतंही बटण एकदाच आणि हळूच दाबायचा, त्याला दुखेल की काय असा. हा हात ज्याचा होता त्याला विमान उडवायचं नव्हतं, फक्त जोडणी तपासायची होती.

ममताला तो हात ओळखायला वेळ लागला नाही. डावीकडून सुरुवात, प्रत्येक बटण तीनदा, मग एक टोक, दुसरं टोक, मध्य. बावीस वर्षं ती पोरांना हेच शिकवत आली होती.

चार-सव्वीसला नोंद संपली होती. एरवी कार्ड कुठंही तोडल्यासारखं संपायचं, अर्ध्या थरथरीत. इथं मात्र पाचशे बारा, आणि पुढं काही नाही.

ती उठली आणि स्कूटी काढून अब्रारच्या दुकानात गेली. अब्रारनं हातातलं काम ठेवलं. भाभी दुकानात आल्या, हे पहिल्यांदाच घडत होतं. तिनं विचारलं, तुम्ही कधी घरी येऊन ते बटणं तपासता का, मी नसताना? त्या सीटवर बसता का? अब्रार म्हणाला, नाही. मग तिला वाईट वाटेल की काय अशा बेतानं म्हणाला, "उस सीट पे मी कायले बसू, भाभी? ती आता भीमराजभाईच्या अंगाची झाली. दुसरं कोणी बसलं तं उतरून पडन."

परत येताना सगळ्या रस्ताभर तिच्या डोक्यात एकच हिशेब होता. उद्या चार-वीसला त्या सीटमध्ये मी आहे. मग हे कुठं आहेत?

५

गुरुवारी तिनं सुट्टी टाकली. भीमराजनं विचारलं, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, माझ्या तब्येतीचं तुम्ही पाहू नका.

दिवसभर तिनं त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. दाढीला निघाला तर म्हणाली, घरीच करा. दूध आणायला निघाला तर म्हणाली, काळा चहा प्या. तो गोंधळला, पण त्यातही खूश दिसला. तिच्यासमोर बसून त्यानं तुरीच्या डाळीतले खडे निवडले. संडासात गेला तेव्हा ती दाराबाहेर झाडू घेऊन उभी राहिली आणि स्वतःची लाज वाटून जमीन खराखरा झाडू लागली.

दुपारपर्यंत तिचा विचार पक्का झाला होता. कार्ड एवढंच म्हणतंय की चार-वीसला मी तिथं असेन. हे कुठं असतील ते कार्ड सांगत नाही. मग मी बसते, आणि यांना समोर बसवते. मोजमाप खरं होईल आणि माणूसही जागेवर राहील. निळ्या पाटीला जेवढं मोजता येतं तेवढंच समजतं, तिच्यापुढं घाबरायचं कायले?

चार-पंधराला ती त्याला घेऊन खोलीत गेली. त्याला स्टुलावर बसवलं, स्वतः सीटमध्ये बसली. अब्रार म्हणाला ते खरं होतं. सीटला मध्ये खोल खळगा पडला होता, ती त्यात तिरकी घसरली.

"आज काय सूर्य पश्चिमेले उगवला," भीमराज म्हणाला.

"तिथंच बसा. हलू नका."

चार-वीसला तिनं पहिलं बटण दाबलं. तीनदा. नजर भीमराजवर. बटणं तिला न पाहता लागत होती. दुसरं, तिसरं. वर टिन कडकन वाजलं. तो स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, नव्या सुनेला गाडी चालवताना पाहावं तसा कौतुकानं. मधेच म्हणाला, आता तूच चालव, मी आपला बाजूले बसतो. आठवं बटण. दांडा डावीकडं, उजवीकडं, पुढं, मागं. चाक या टोकाला, त्या टोकाला.

मध्य मात्र न पाहता लागत नाही. पाचशे बारावर आणायचं तर आकडा बघावा लागतो. दिवसभरात पहिल्यांदा तिनं त्याच्यावरची नजर काढली आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाटी मोजलेला आकडा दाखवायची, त्याकडं पाहिलं. पाचशे वीस, पाचशे चौदा, पाचशे दहा, पाचशे बारा. चार सेकंद गेले असतील, फार तर पाच.

तिनं मान वळवली. भीमराज स्टुलावर होता. गुडघ्यांवर हात, चेहऱ्यावर तेच हसू.

मोबाइलमध्ये चार-सव्वीस झाले. चार-सत्तावीस झाले. काही झालं नाही.

तेव्हा तिला भयंकर राग आला. स्वतःचा, कार्डाचा, पण समोर होता तो. "झालं समाधान?" ती म्हणाली. "ह्या खेळण्यापायी एक सुट्टी गेली माही. तुमच्यासाठी मी घाबरली दिवसभर, तुमच्यासाठी. काय राह्यलं आहे तुमच्यात, की कोणी न्यावं?"

भीमराजचं हसू गेलं नाही. "बरं," तो म्हणाला. "उतर आता. मले बसू दे."

६

त्या संध्याकाळी कार्डात काही नव्हतं. म्हणजे ओळी होत्या, रोजच्यासारख्या, वेळेसकट. आणि वेळही आता बरोबर होती, एक मिनिट पुढं नाही. पण चाकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पाचशे बारा. दांडा मध्यावर. बटणं जशी ममतानं सोडली तशी.

भीमराज मात्र साडेपाचपर्यंत तिथंच होता. तिनं दारातून दोनदा पाहिलं होतं.

वायर सुटली असेल. तिनं चाकाला हात लावला, आकडा हलला. दांडा हलवला, हलला. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचशे बारा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं रेडिओचं बटण बदललं, पाटी बदलली, चौथी. तिच्या हाताला ती चोख मोजायची.

रविवारी ती पुन्हा स्टुलावर जाऊन बसली. भीमराज सीटमध्ये होता. एक हात मुठीवर, दुसऱ्याची बोटं चाकावर, अंगठा घासत होता. समोर पडद्यावर विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. जागचं हललं नव्हतं.

"दारव्हा गेलं मागं," तो म्हणाला. "आता खाली बोरी अरब. बाजार भरला आहे आज. आपल्या इंदूचं घर दिसून राह्यलं, पाह्य, वरती गोधड्या वाळू घातल्या."

पडद्यावर डांबराचा पट्टा होता आणि दोन बाजूंना गवत.

ममतानं आकड्याकडं पाहिलं. मग चाकावरच्या त्याच्या बोटांकडं. मग, बघायचं नाही असं ठरवूनही, ती खाली वाकून सीटकडं बघू लागली. जुनं रेक्झिन, मध्ये तो खळगा, महिनोन् महिने बसून पडलेला. तिनं स्वतः बसून पाहिलं होतं, अंग टेकलं की तो कडेपर्यंत दबायचा आणि शिवण ताणली जायची. आता शिवण सैल होती. खळग्यातलं रेक्झिन जरासं वर फुगलेलं होतं, कोणी उठून गेल्यावर हळूहळू भरून येतं तसं.

"काय पाह्यते?" त्यानं विचारलं.

"काही नाही. शिवण उसवली का पाहून राह्यली."

७

मे महिन्यात त्याची धाकटी बहीण इंदूबाई बोरी अरबहून एसटीनं आली. ममताला इंदूबाईचं येणं कधीच आवडत नसे; ती फार बोलायची आणि जाताना लोणच्याची बरणी मागायची. या वेळी मात्र ममता तिची वाट पाहत दारात उभी होती.

इंदूबाई थेट मागच्या खोलीत गेली. ममता स्वयंपाकघरात थांबून ऐकत राहिली. बहीणभावाच्या गप्पा नीट चालल्या होत्या. गोधड्यांचं निघालं, बोंडअळीचं निघालं, कोणाच्या तरी सोयरिकीचं निघालं. भीमराज हसला. इंदूबाई हसली. तासाभरानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पोटभर बोलून झाल्याचं समाधान तेवढं.

म्हणजे तिलाही दिसतो. तिच्याशीही बोलतो. ममताला वाटलं, मीच मूर्ख, एका पाटीच्या नादी लागून बसले.

इंदूबाई फाटकाशी चपला घालत म्हणाली, दादा रोडावला, पण मजेत आहे. मग तळहात लुगड्याला पुसत म्हणाली, "पाया पडली तं हाताले थेट फरशीच लागली, वहिनी. लई गार आहे बाई तुमची फरशी. उन्हाळ्यात बरं आहे."

ममता हो म्हणाली. बरणीही तिनं न मागता दिली.

तेव्हापासून ती वही लिहीत नाही. कार्ड काढत नाही. वर्गात एखादा पोरगा अंदाजे काही ठोकून देतो तेव्हा मोजल्याशिवाय बोलू नको म्हणायला तिचं तोंड उघडतं आणि ती दुसऱ्याच टेबलाकडं वळते. मॅडम अलीकडं शांत झाल्या, असं स्टाफरूममध्ये बोलतात.

पाचला ती चहा करते आणि पेला स्टुलावर ठेवून येते. सहाला आणायला जाते. पेला काठोकाठ असतो, वर जाड साय धरलेली.

"कसा झालता?" ती विचारते.

"बरा झालता. आज साखर बरोबर पडली," भीमराज सांगतो.

ती नळ मोठा सोडते आणि त्या आवाजात पेला मोरीत रिकामा करते.

परवा आयटीआयमध्ये तिच्या बोटाला सोल्डरिंगच्या इस्त्रीचा चटका बसला. पेला ठेवताना भीमराजला ते दिसलं. त्यानं मूठ सोडली आणि तिच्याकडं वळला.

"काय लागलं? पाह्य इकडं," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढं केला, तळवा वर, तिनं आपला हात त्यात ठेवावा म्हणून.

किती वर्षांत त्यानं असा हात पुढं केला नव्हता, आणि केला असता तर तिनं काय म्हटलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हात अगदी समोर होता. तळव्यावरच्या रेघा दिसत होत्या. एक वीत अंतर.

"काही नाही झालं," ममता म्हणाली. "उडवा तुम्ही."

आणि तिनं आपला हात पदराखाली घेतला.